कडूबानं साखर सोडली

“तोंड उघड, दादा,” सहदेव म्हणाला आणि चिमटीतली साखर त्यानं कडूबाच्या ओठांपाशी नेली. “झालं तुह्या मनासारखं. आलो मी.”

कडूबानं तोंड उघडलं नाही. नऊ वर्षांनी सख्खा धाकटा भाऊ दारात आला होता. तोही संग्रामपूरहून पहिल्या एसटीनं, हातात पावशेर साखरेची पुडी घेऊन. आनंदानं कडूबाचा ऊर भरून आला होता आणि त्याच वेळी तो मनातून घाबरलाही होता. कारण जो नवस फेडायला सहदेव इतक्या लांबून आला होता, तो कडूबानं कधी केलाच नव्हता.

त्यानं साखर सोडली होती, हे मात्र सोळा आणे खरं. नाव कडूबा आणि चहात चार चमचे, अशी वडनेर भोलजीत त्याची ख्याती. पंगतीत जिलेबी असली की हा शेवटपर्यंत उठायचं नाव घेत नसे. मग पन्नाशी उलटली, पोतं उचलताना धाप लागू लागली, आणि रक्ताच्या तपासणीचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, “काठावर उभे आहात. आजपासून साखर बंद.” त्याच्या बायकोनं, रुक्मिणीबाईनं, त्याच संध्याकाळी साखरेचा डबा शेजारच्या तानुबाईकडे नेऊन ठेवला. पहिले आठ दिवस कडूबा बैलांवरही खेकसला. पण महिन्याभरात पोट उतरलं, झोप शांत लागू लागली, आणि दुधाला स्वतःची गोडी असते हे त्याला बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. आता तो बिनसाखरेचा चहा मिटक्या मारत प्यायचा.

पण गावाला काय सांगणार? दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला खुर्चीतल्या माणसांचा आजार होतोय, हे सांगायची त्याला लाज वाटे. आणि गावाला तरी खरं कारण कुठं हवं होतं? पोराला नोकरी लागेपर्यंत अर्जुनरावांनी पायात चप्पल घातली नव्हती. नातू होईपर्यंत तानुबाईनं वांग्याला हात लावला नव्हता. उगीच कोणी काही सोडतं का? “काय धरलं बे मनात?” लोक पारावर विचारत. कडूबा मिशीतल्या मिशीत हसून म्हणे, “हाय एक गोष्ट.” उरलेली गोष्ट गावानं स्वतःच रचली: भाऊ घरी येईपर्यंत कडूबा साखर खाणार नाही! ती फिरत फिरत एका लग्नात सहदेवच्या कानावर गेली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो दारात हजर.

भांडण तरी केवढं? सामाईक विहिरीवरच्या मोटरची पाळी कोणाची, एवढंच. शेतातली मिरची पाण्यावाचून सुकत होती, शब्दानं शब्द वाढला, आणि थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, “माह्या दारात पाय ठेवू नको.” सहदेव बायकोपोरांना घेऊन संग्रामपूरला, सासुरवाडीला राहायला गेला. त्याच पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली आणि पाण्याचा वाद आपोआप मिटला. बोललेला शब्द तेवढा उरला. थोरल्यानं बोलवावं की धाकट्यानं यावं, यातच नऊ वर्षं निघून गेली होती.

आता गप्प राहून साखर गिळली की सगळं निभावणार होतं. सहदेवच्या पाठीमागून रुक्मिणीबाई डोळ्यांनी तेच सांगत होती, गिळा मुकाट्यानं. पण भावाच्या हातानं खोट्या नवसाची साखर खायला कडूबाचं मन धजेना.

“सहदेव, म्या नवस केला नव्हता रे,” तो म्हणाला. “डाक्टरनं साखर बंद केली. बाकीचं गावानं जोडलं, अन् म्या लाजेपायी गप बसलो.”

सहदेवचा हात हवेतच राहिला. रुक्मिणीबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

“म्हंजे माह्यासाठी नाही सोडली?”

“नाही.”

सहदेवचा चेहरा एवढासा झाला. चिमटीतली साखर पुडीत टाकून तो उठू लागला. कडूबानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“बस खाली. तुह्यासाठी सोडली नाही, पन तुह्यासाठी खातो. बोलवाचं काम माहं होतं, म्या केलं नाही. चुकलो मी.”

आणि त्यानं भावाचाच हात पुडीत नेला, तिथली चिमूट त्याच्याच बोटांनी आपल्या तोंडात घातली. अकरा महिन्यांनी साखर जिभेवर आली आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सहदेवचेही डोळे भरून आले.

“बस झालं! तेवढीच!” रुक्मिणीबाई ओरडली, आणि मग तिघंही असे हसत सुटले की कुंपणापलीकडून तानुबाई डोकावून पाहू लागली. कडूबाला वाटलं, नऊ वर्षांत हे घर एवढं मोठ्यानं हसलंच नव्हतं.

त्यानं डोळे पुसले आणि पुडी भावापुढं सरकवली. “घे. तूबी तोंड गोड कर.”

सहदेव पुडीकडे नुसता पाहत राहिला.

“काऊन बे?” कडूबानं हसत विचारलं. “तुलेबी डाक्टरनं बंद केली का?”

“नाही दादा,” सहदेव साखरेची चिमूट उचलत म्हणाला, “म्या खरोखरचा नवस बोललो होतो. नऊ वर्षं झाली.”