थेट लंडन

जतीन स्वतःच्या साखरपुड्यासाठी लंडनहून झाई या आपल्या गावी आला आणि आल्यापासून वाटेतल्या कुत्र्यालाही थांबवून सांगू लागला, "मुंबई ते लंडन सात हजार किलोमीटर, पण विमानानं जेमतेम साडेनऊ तास!"

आईमागं या धाकट्या दिराला मासळी विकून वाढवलं ते चंद्रानं. साखरपुड्यात त्यानं तिलाच नेऊन मांडवामागं जनरेटरपाशी बसवलं.

"वहिनी, तुझ्या अंगाला सुक्या मासळीचा वास येतो. फोटोत बरं दिसणार नाही."

वास फोटोतही उतरतो, ही नवीनच माहिती चंद्राला मिळाली. तरी जतीनच्या निघायच्या दिवशी तिनंच त्याची बॅग भरायला घेतली. अंगणात बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत पडला होता आणि अख्ख्या गावाला तोच वास होता.

"काय रे जतीन, मधेच जीव नकोसा झाला तर उतरता येतं का?"

जतीन पोट धरून हसला. "वहिनी, ती काय तलासरीची एसटी आहे? एकदा दार लागलं की थेट लंडन!"

"बरं, खिडकी तरी उघडते?"

"छे गं!"

"मग झ्याक," म्हणत चंद्रानं त्याची मानेला लावायची उशी बॅगेत मायेनं वर ठेवली. "ही विमानात बसल्यावरच काढ हां."


उशीतला कापूस तिनं सकाळीच चुलीत घातला होता, आणि आत ठासून जवळा भरून वरून सुबक टाके घातले होते.