राखाडी गाढव

"तो राखाडी सूट काढून ठेव, दुपारी येऊन घेऊन जातो," तो फोनवर म्हणाला. "मंगळवारी आमचं लग्न नोंदवायचंय. दुकानात चार घालून बघितले, पण तुझ्या हातची फिटिंग कुणाला म्हणून जमत नाही."

कौतुकच होतं ते, आणि मनापासून केलेलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सूट तिनेच शिवला होता, त्याचं तिच्याशी लग्न झालं तेव्हा. कॉलरचे टाके हाताचे, काजं हाताची, आत डाळिंबी अस्तर. घर सोडून जाताना त्याने सगळं नेलं, हा तेवढा कपाटात राहून गेला. आता त्याला त्या सुटाची आठवण झाली होती.

"ये की," ती म्हणाली. "ठेवते काढून."

बाहेरच्या खोलीत पोरं मोज्यांना डोळे चिकटवत बसली होती. रविवारचा उद्योगच तो. दिवसभर डिंक आणि चिंध्यांचा पसारा, आणि मग खुर्च्यांवर चादर टाकून नाटक. तिने सूट आणून त्यांच्यासमोर टाकला आणि वर आपली कापडाची कात्री ठेवली. आजवर त्या कात्रीला नुसतं बोट लावलं तरी पाठीत धपाटा बसायचा.

थोरलीने कात्रीकडे बघितलं, मग सुटाकडे. नऊ वर्षांची पोर, पण सगळं कळत होतं तिला.

"हा बाबाचा आहे."

"होता."

"आपण कापला तर बाबाला वाईट वाटेल."

आईने कात्री तिच्याकडे सरकवली. थोरलीने आईच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. मग कात्री उचलली आणि कोटाच्या पाठीतून सरळ चालवली. धाकट्याने आनंदाने किंकाळी फोडली आणि पँटीवर झडप घातली.

काय करायचं यावर थोडी भांडणं झाली. धाकट्याला डायनासोर हवा होता. शेवटी रंग बघून गाढव ठरलं. आई मशीनवर बसली. कान आधी उलटे शिवायचे, मग सुलटे करायचे, म्हणजे शिवण दिसत नाही, हे तिने थोरलीला शिकवलं. कॉलरचे कान झाले, पँटीचे चार पाय. खांद्यातली गादी पोटात गेली, अस्तराची नदी झाली. गाढवाला डोळे लावताना ती इतकी हसली, की धाकटा तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. आई हसते कशी हे तो विसरला असावा.

दुपारी तो आला तो घाईतच. "गाडी आडवी लावलीय खाली. झालंय ना काढून?"

पण पोरांनी त्याला दारातच पकडलं. "बाबा, नाटक! बस, बस!"

"बस की," ती गोड आवाजात म्हणाली. "सकाळपासून खपलीत पोरं."

नाटक तसं छोटंसंच होतं. एक गाढव आपलं रान सोडून जातं आणि एक दिवस खोगीर विसरलं म्हणून परत येतं. मोज्याचा लांडगा त्याला नदीपाशी अडवतो. लांडग्याचा आवाज थोरलीचा. गाढवाने बोलायची वेळ आली तेव्हा धाकट्याने ते उचललं आणि सरळ बापाच्या मांडीवर दिलं.

"गाढव तू हो बाबा. तुला मस्त येतं."

तो हसला. पोराचं मन मोडवेना. गाढव तोंडासमोर धरून त्याने मान वर केली आणि खच्चून ओरडला. पोरं खिदळली. त्याने पुन्हा सूर लावला आणि मध्येच थांबला. त्याचा अंगठा गाढवाच्या कानावर होता. कानाच्या कडेने बारीक, हाताचे टाके होते. त्याने समोरच्या डाळिंबी नदीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

ती दाताने दोरा तोडत होती.

"सूट?" तो हळूच म्हणाला.

"हातातच आहे की तुझ्या."

"ओरड ना, बाबा!" धाकटा त्याचा गुडघा हलवू लागला.

त्याचा चेहरा लालबुंद झाला. पोरं टक लावून बघत होती. तो ओरडला. मघापेक्षा बराच बारीक आवाज निघाला.

"थांबा, एक फोटो काढू," ती फोन घेऊन उभी राहिली. "बाबाला मध्ये घ्या. गाढव जरा वर धर रे, चेहऱ्याशेजारी. हं. पोरांना आठवण राहील."

फोटो निघाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या. धाकट्याने गाढव त्याच्या काखेत कोंबलं. "तुझ्या नव्या घरी ने. तिथे तुझ्याकडे खेळणी नाहीत ना?" त्याने पोराच्या केसांवरून हात फिरवला आणि जिना उतरला.

ती शाल पांघरून खिडकीत जाऊन उभी राहिली. काखेत गाढव घेतलेला माणूस भर रस्त्यातून गाडीकडे चालला होता. कोपऱ्यावरची दोन माणसं वळून बघत होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हलली नाही. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास आला.

मागे थोरली केर काढत होती.

"बाबाचे डोळे बघितलेस, आई?"

"बघितले."

"मीपण." ती झाडता झाडता थांबली. "आणि तुला मजा आली. हो ना?"

"आली की."

थोरलीने केरसुणी बाजूला ठेवली, आणि अभ्यासातली शंका विचारावी तशी शांतपणे विचारलं, "मग आता कुणाचं कापायचं?"

पोरगी वाट बघत उभी होती. आईने नकळत अंगावरची शाल दोन्ही हातांनी घट्ट ओढून घेतली.