निळी सुरई
मातीचे हात पुसून मी फोनवरचं वॉलेट साफ करायला बसले. परदेशी गिऱ्हाइकं भांड्यांचे पैसे क्रिप्टोत देतात, म्हणून वॉलेटचा पत्ता जगजाहीर. कुणीही उपटसुंभ त्यावर बक्षिसाची टोकनं, माकडांची चित्रं टाकून जातो. न विचारता येतात, नको म्हणता येत नाही. त्या उकिरड्यात आज माझी निळी सुरई होती, मी घर सोडलं त्या दिवशी नवऱ्याने भिंतीवर फोडलेली. चित्रात मात्र अखंड, खाली 'माफ कर'. फोन, मेल, दार बंद केल्यावर साहेबांना हीच फट सापडली. "ताई, भाऊजींनी किती मनापासून काढलंय!" धाकटी विरघळली. "ते मशीनने काढलंय." "मग जाळून टाक." "चित्राचं टोकन जाळायलाही फी लागते. त्याच्यावर दमडीही घालवणार नाही." मी 'स्पॅम' दाबलं. ॲपने विचारलं, "पाठवणाऱ्याला ओळखता का?" सात वर्षं संसार केला होता. मी 'नाही' दाबलं.