राखीव यंत्र

“महासंगणक तुम्हीच अडवलाय, सर!”

भर बैठकीत शर्वाणी कडाडली आणि संचालकांची बाकरवडी दाताखालीच राहिली. संस्थेच्या सामाईक महासंगणकावर तिचं पुराच्या अंदाजाचं गणित तीन आठवडे रांगेत ताटकळत होतं. प्रबंध द्यायला नऊच दिवस उरले होते.

पोरं उगाच यंत्र अडवतात म्हणून कालच संचालकांनी हौसेनं भिंतीवर पडदा लावला होता. कोण किती राखून ठेवतो नि किती वापरतो, ते चारचौघांत दिसावं! शर्वाणीनं त्याच पडद्याकडे बोट केलं. सगळ्यात वर संचालकांचंच नाव होतं: निम्मं यंत्र राखीव, चार महिन्यांतला वापर शून्य.

“अगं, पुढेमागे लागेल म्हणून धरून ठेवलंय,” संचालक पुटपुटले.

“एसटीत रुमाल टाकून जागा धरणारासुद्धा शेवटी गाडीत चढतो, सर! बोला, तुम्ही चढताय, की रुमाल उचलताय?”