करंटचा पट्टा

पोट्टेहो, माय वैनगंगेची आन! यातला एक शब्द खोटा असंन तं माही जीभ झडो.

ब्याऐंशी साली कारध्याले माह्या सासूले लकवा मारला. हातपाय लुळे, बोलणं बंद. नागपूरच्या डाक्टरनं दंडाले बांधाले करंटचा पट्टा देल्ला. सेलच्या डबीचं बटन दाबलं का हात टुणकन वर जाये. दोन वर्सं मी एकटीनंच तिचं हागमूत काढलं.

मंग एक दिवस लाखनीवरून तिचा मोठा पोरगा आला, माहे भासरे केवळराम. म्हणे, "माय, तू तं ‘याच घरात मरीन’ म्हणत होती. आता माह्याकडं येतं का? येत असशीन तं हात वर कर."

हात वर गेला!

"पट्ट्यानं तं नाई ना गेला, बाई?" भासऱ्यानं मले इचारलं.

"सेल कवाचेच संपले, भाऊजी. देवाची करणी!"

म्हातारीच्या डोळ्यातून धारा लागल्या. लोक म्हणे, आनंदाच्या. गाडीवर टाकून नेली, आठव्या दिवशी मेली.



बरं, एकच गोष्ट पदरची घातली. सेल नवे होते.