जाड टायर

“एवढे जाड टायर?” सायकलवाल्याने विचारलं. “पावसातल्या निसरड्या वाटेवर हे छान पकड धरतील. पण फ्रेममध्ये जागा कमी आहे, मागे चिखल अडकेल. वेग कमी पडेल, ताई.”

“पडू दे,” ती हसून म्हणाली. “बसवा.”

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा त्या रविवारी पहिल्यांदाच तिच्याबरोबर सायकलवर निघाले. टेकडीच्या चढावर तिचं मागचं चाक चिखलाने जड झालं आणि बाबा घंटी वाजवत पुढे निघून गेले.

“काय गं, एवढ्यात दमलीस?”

“तुमच्यापुढे कोण टिकणार, बाबा!”

घरी पोचताच ते दारातूनच ओरडले, “अगं, ऐकलंस का? पोरीला मागे टाकलं!” आतून आईचं हसणं ऐकू आलं.

मग अंगणात दोघं सायकली धुवायला बसली. तिच्या चाकातला चिखल काढता काढता बाबांचा हात थांबला. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

“माझ्यासाठी घातलेस ना हे?”

ती नुसतीच पाणी ओतत राहिली.

“पुढच्या रविवारी जुने लाव. आता खरी टक्कर होऊ दे.”

“आणि हरलात तर?”

बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“तर आईला सांगायचं नाही.”