लख्ख

सुनीतीबाईंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेव्हा श्रीनिवासरावांनी खापर दिव्यावर फोडलं आणि अख्खं स्वयंपाकघरच नव्याने करायला काढलं.

दुकानदाराने पिवळे दिवे दाखवले, पांढरे दाखवले. शेवटी वैतागून म्हणाला, "काका, आमटी करायचीय की क्रिकेटची मॅच भरवायचीय?"

"तुम्ही सगळ्यात मोठे द्या हो. बिचारी चाचपडतेय."

दिवे लावून पाहिले त्या रात्री समोरच्या सोसायटीतले कावळे उठून ओरडायला लागले आणि तिथले सेक्रेटरी पिशवी घेऊन दुधाला निघाले. श्रीनिवासरावांची छाती फुगली. आता कसली चाचपडतेय!

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सुनीतीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. श्रीनिवासरावांनी ऐटीत बटण दाबलं. खट् आवाज झाला, दिवा मात्र एकही लागला नाही. नेमकी वीज गेली होती.

ते सांगायला तोंड उघडणार, तोच खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात त्यांना दिसलं, की सुनीतीबाईंनी रोजच्यासारखे त्या न लागलेल्या दिव्याला हात जोडलेत.

"अहो," त्या हसून म्हणाल्या, "आता कसं लख्ख दिसतंय!"